काहीतरी कमी वाटतंय

दह्याचे रिकामे डबे आणि किस्से, दोन्ही घरात कसे साठतात ते कळत नाही. टाकायचे म्हटलं तर हात धजत नाही, आणि ठेवायचे म्हटलं तर कपाट उघडलं की अंगावर येतात! आमच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरातलं डब्यांचं कपाट सूनबाईनं गेल्या महिन्यात रिकामं केलं. किस्स्यांचं कपाट माझं आहे, ते मलाच रिकामं करायला हवं.

हे सगळे किस्से एकाच जागेचे. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं फायर स्टेशन आहे. बंब गेले, आता तिथं आर्ट सेंटर आहे. जिथं बंब उभे राहायचे तिथं कुंभाराची चाकं फिरतात, वरच्या मजल्यावर मुली भरतनाट्यम् करतात, मागच्या खोलीत रिटायर झालेले गोरे आजोबा चित्रं काढत बसतात. सगळ्यांना दार उघडं. मी रोज जाते. कला वगैरे काही नाही हो, तिथला हीटर आमच्या घरापेक्षा चांगला आहे!

आणि दुसरं कारण मुग्धा. माझी सून. पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत होती. अक्षरं, चित्रं, साबणाची वेष्टणं, सगळं करायची. लग्न होऊन इकडं आली ती माझ्या मुलाच्या, समीरच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर बायकोला काम करायची परवानगी नाही. नऊ वर्षं घरी! नऊ वर्षांत तिनं अख्ख्या गावाच्या बारशांची, मुंजींची, दिवाळीच्या कार्यक्रमांची कार्डं काढून दिली. लोक म्हणायचे, “मुग्धा, काय हात आहे गं तुझा!” आणि पुढच्या कार्डाची तारीख सांगायचे.

मग ग्रीन कार्ड आलं, आणि पहिलं काम मिळालं ते ह्या सेंटरचं. जुनी पाटी काढून सगळा चेहराच नवा करायचा. नवा लोगो, नवे रंग, नव्या पाट्या. मुदत सहा महिने. सहा महिन्यांत कमिटीनं लोगो पास केला तर नोकरी पक्की. नाही केला तर थँक यू, काम शिकागोच्या कुठल्याशा कंपनीकडं.

लोगो म्हणजे काय हे मला मुलानं इंग्रजीत समजावलं, नात ईरानं इंग्रजीत समजावलं. शेवटी माझं मीच मराठीत समजून घेतलं: खूण! शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकले पन्नाशीत, तीही मराठीच. पण खुणा मला लहानपणापासून वाचता येतात. त्या कशा, ते ओघानं येईलच.

*

कमिटीत माणसं बरीच होती, पण बोलणारी तीनच.

एक डोना. मातीकाम शिकवते. सत्तरीची, केस पांढरे, हात कोपरापर्यंत चिखलात. मला “आ-जी” म्हणते, मधे श्वास घेऊन. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, त्यामुळं आमचं कधी भांडण झालं नाही.

दुसरा विक्रांत. नागपूरचा, आयटीतला. त्याच्या घरी दूध संपलं तरी आधी एक्सेलमधे येतं, मग बायकोला कळतं.

आणि तिसरे, कमिटीचे चेअरमन, डॉक्टर भागवत. हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर. पन्नास वर्षांपूर्वी इकडं आले, तेव्हा म्हणे इथं कोथिंबीर मिळायची नाही. माणूस सज्जन. पण त्यांना एकच सवय. काहीही दाखवा, चष्मा वर करतात, मान एका बाजूला करतात, आणि म्हणतात, “छान आहे. पण काहीतरी कमी वाटतंय.”

काय कमी वाटतंय ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “ते तुम्ही शोधायचं.” मला नेहमी वाटायचं, हे ऑपरेशन संपवून पेशंटला टाके घालताना असं म्हणत असतील तर?

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “ताई, गाव कुठलं तुमचं?”

मी सांगितलं.

“अहो, मग आमचंच की! कृष्णाकाठचं! कुणाच्या तुम्ही?”

“शंकर परटाची सगुणा.”

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “मला फारसं आठवत नाही. मी दहाव्या वर्षीच शिकायला पुण्याला गेलो.”

मी म्हटलं, “असू दे, डॉक्टर. मला आठवतंय.”

आणि मला खरंच सगळं आठवत होतं. पण तेव्हा मी गप्प बसले. चेअरमन होते ते, आणि सूनबाईची नोकरी त्यांच्या हातात होती!

*

पहिला लोगो मुग्धानं महिनाभर बसून केला. छापून सेंटरच्या काचेच्या दारावर चिकटवला, लोक काय म्हणतात ते बघायला. रंग कालवायची पाटी असते ना चित्रकाराची, अंगठा घालायला भोक असलेली, तिचा साधासुंदर आकार. पांढरा शुभ्र.

मला विचारलं, “आई, काय दिसतंय?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण नोकरीचा प्रश्न होता. म्हटलं, “दाढ.”

“आई!”

“अगं, किडलेली दाढ. हे बघ भोक.”

मुग्धा दोन तास माझ्याशी बोलली नाही. दुपारी एक माणूस गालाला रुमाल बांधून आत आला आणि डोनाला विचारायला लागला, डॉक्टर कधी येतात?

योग बघा, डॉक्टर नेमके तेव्हाच आले! फक्त हृदयाचे. डोनानं त्या बिचाऱ्याला गरम पाण्यात मीठ घालून चूळ भरायला दिलं आणि कोपऱ्यावरच्या खऱ्या दाताच्या डॉक्टरचा पत्ता सांगितला. डॉक्टर भागवत दारासमोर उभे राहिले, मान एका बाजूला केली.

“छान आहे. पण काहीतरी कमी वाटतंय.”

मी म्हटलं, “मुळं कमी आहेत. दाढेला निदान दोन हवीत!”

*

मग विक्रांत म्हणाला, “यार मुग्धा, तू गेसवर्क करू नकोस. लोकांना विचारू. सर्व्हे करू.”

त्यानं सगळ्या मेंबरांना फॉर्म पाठवला. लोगोत काय हवं? आता असं लोकांना विचारतात का? लग्नाच्या जेवणात काय हवं, असं सगळ्या पाहुण्यांना विचारलं तर पंगत बसेल का?

उत्तरं आली. नाचाच्या बाईंना घुंगरू हवं. तबलेवाल्यांना तबला. आजोबांना ब्रश. डोनाला चाक. शिवणवाल्यांना सुई. एकाला बर्फ, एकाला बंब, एकाला गणपती. एका बाईंनी लिहिलं, “माझ्या कुत्र्यालाही इथं फार आवडतं.” विक्रांतनं सगळं एक्सेलमधे भरलं, रंग दिले आणि मुग्धाला पाठवून दिलं. खाली लिहिलं, “प्लीज सगळं इन्क्लूड कर.”

मुग्धानं केलं. रागानं केलं. एकही गोष्ट सोडली नाही. कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू, गणपतीच्या हातात ब्रश, बंबावर तबला आणि वरून बर्फ! लग्नाचा आहेर टेम्पोत भरून निघालाय असं दिसत होतं. तिला वाटलं, आता तरी ह्यांना कळेल.

मीटिंगमधे पडद्यावर चित्र आलं. डोना डोळे पुसायला लागली, हसून हसून. डॉक्टरांनी चष्मा वर केला.

“मेहनत दिसतेय. पण काहीतरी कमी वाटतंय.”

विक्रांत उठून उभा राहिला. “काका, आता ह्यात फक्त तुम्ही राहिलात!”

डॉक्टरांनी गंभीरपणे विचार केला आणि मुग्धाला म्हणाले, “फोटो पाठवू का?”

*

रंगाचंही असंच. मुग्धा म्हणाली, लोगो होईल तेव्हा होईल, निदान बाहेरच्या भिंतीचा रंग तरी ठरवू. कमिटीतल्या प्रत्येकानं आपल्या आवडीचा रंग भिंतीवर चौकोनभर लावायचा, आठवडाभर बघायचा आणि मग ठरवायचं.

विक्रांतनं संत्र्याचा रंग लावला. नागपूरचा माणूस, दुसरं काय लावणार! डोनानं मातीचा. डॉक्टरांनी पांढरा. डॉक्टरांच्या पत्नी शुभदाबाई कमिटीत नाहीत, पण त्यांनी जाता जाता आमसुली रंगाचा एक चौकोन मारला. म्हणाल्या, “घरात मला कुणी विचारत नाही, निदान इथं.”

झाले सात चौकोन. आठवडाभरानं ठरवणार होते. चौथ्या दिवशी बर्फ पडला!

इथल्या थंडीत बाहेरचा रंग वाळत नाही. म्हणजे आता मार्चपर्यंत ते सात चौकोन तसेच. पांढऱ्या बर्फात लाल विटांची भिंत आणि त्यावर सात रंगांची ठिगळं. माझ्या गोधडीसारखी दिसायची. शेजारच्या गावातून दोन बाया खास मोटार घेऊन आल्या, फोटो काढले, मागं सरकून मान हलवली, परत पुढं गेल्या. मुग्धानं मला नंतर मराठीत सांगितलं, त्यांनी डोनाला विचारलं, हे कुणा कलाकाराचं काम आहे?

डोना म्हणाली, “कमिटीचं.”

त्या म्हणाल्या, “ग्रेट आहे! काय म्हणायचंय त्याला?”

डोना म्हणाली, “अजून ठरलं नाही म्हणायचंय.”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं!

*

आता हसण्यासारखं नसलेलं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सहावा लोगो डॉक्टरांनी परत केला तेव्हा जानेवारी संपत आला होता. मुदतीला महिना उरला होता. मुग्धा घरी आली, कोट न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसली. मी पोळ्या करत होते.

“आई, त्यांना काय कमी वाटतं ते त्यांनाच माहीत नाही. मला वाटतं, मीच कमी पडतेय. नऊ वर्षं हात बंद होता ना. गेला असेल हात.”

नऊ वर्षं ह्या मुलीनं कधी तक्रार केली नव्हती. लोकांची कार्डं काढताना गाणं म्हणायची. तिच्या डोळ्यांत पाणी बघून माझी पोळी तव्यावर करपली.

मी म्हटलं, “हात असा जात नाही. माझा अंगठा बघ.”

माझ्या उजव्या अंगठ्यावर एक काळा डाग आहे. तिनं तो रोज पाहिलेला, कधी विचारलं नव्हतं. तो बिब्ब्याचा डाग. सत्तर वर्षांचा.

मग मी तिला आबांचं सांगितलं. आबा म्हणजे माझे वडील. गावातल्या साठ घरांचे कपडे आमच्याकडं. सगळे पांढरे! धोतरं पांढरी, सदरे पांढरे, उपरणी पांढरी. घाटावर एकत्र धुवायचे आणि परत ज्याचं त्याला गेलं पाहिजे. आबांना अक्षर येत नव्हतं. मग काय करायचं? प्रत्येक घराची एक खूण. बिब्बा टोचायचा, सुईच्या टोकावर त्याचा काळा रस घ्यायचा, आणि कपड्याच्या कोपऱ्यात खूण काढायची. जन्मात जात नाही. कपडा फाटतो, खूण राहते. बिब्बा अंगावर उडाला तर मात्र फोड येतो, तसाच हा माझा डाग!

“साठ खुणा?” मुग्धानं डोळे पुसले. “आणि एकसारखी एकही नाही?”

“एक चुकली तर पाटलाचं धोतर मास्तरांच्या घरी जाईल! आबा सांगायचे, खूण अशी हवी की ओल्या हातानं काढता आली पाहिजे, उलटी धरली तरी ओळखू आली पाहिजे, आणि पोराला सांगितली तर पोरानं धुळीत काढून दाखवली पाहिजे. जास्त नक्षी केली की कपडे हरवतात.”

मुग्धा उठली, वही घेऊन आली आणि लिहायला लागली. म्हणाली, “आई, हे मला कॉलेजात चार वर्षं शिकवलं.”

मी म्हटलं, “आम्हाला चार दिवसांत यायचं. कपडे द्यायचे असायचे.”

आणि आबांची एक गंमत होती, ती फक्त आम्हा घरच्यांना माहीत. ते खुणा उगाच देत नसत. ज्या घरात सासूसुनांचं जमत नसे त्या घराला दोन रेघा, एकमेकींकडं पाठ केलेल्या. एक कीर्तनकार होते, बोलायला लागले की थांबत नसत. त्यांच्या घराला एक लांब रेघ, काठापासून काठापर्यंत. आणि एक मोठं घर होतं, तिथून दर खेपेला निरोप यायचा, “एक कपडा कमी आहे.” आबा बिचारे परत घाटावर जाऊन शोधायचे. सापडायचा नाही. दोन दिवसांनी तोच कपडा त्यांच्याच घरी दोरीवर वाळत असायचा! पुढच्या खेपेला पुन्हा, “एक कमी आहे.” शेवटी आबांनी त्या घराची खूण बदलली. एक गोल काढायचा, पण पुरा मिटवायचा नाही. जरासा उघडाच ठेवायचा. म्हणाले, “ह्यांचं कधी भरत नाही. ह्यांचा गोलही भरायला नको.”

मुग्धा खळखळून हसली. “कुणाचं घर हो, आई?”

“होतं असंच एक,” मी म्हटलं. “मला तर तोंडपाठ आहे. असा.”

आणि परातीतल्या कोरड्या पिठावर मी बोटानं तो गोल काढला. एका झटक्यात, आबा काढायचे तसा. वर जाडसर, खाली निमुळता आणि उजव्या हाताला जरा उघडा.

मुग्धा पिठाकडं बघत राहिली. मी दुसरी पोळी टाकली, ती उलटली, ती फुगली, तरी ही बघतेच आहे. मग म्हणाली, “आई, हे दार आहे.”

“काय?”

“उघडं दार! सेंटरचं! कुणीही आत या. गोल म्हणजे सगळे एकत्र बसलेले, आणि नव्या माणसाला जागा ठेवलेली. आई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय काढलंत?”

मला चांगलं कळत होतं मी काय काढलं होतं. मी म्हटलं, “असेल बाई. पीठ हलवू नकोस, अजून चार पोळ्या व्हायच्यात.”

*

मुग्धानं आबांची परीक्षा खरंच घेतली. डोनानं चिखलाच्या हातानं ओल्या मातीवर तो गोल काढला. जमला. कागद उलटा करून विक्रांतला दाखवला, त्यानं ओळखला. राहिलं पोर. ईराला एकदाच दाखवला आणि अंगणात पाठवलं. तिनं बुटाच्या टाचेनं बर्फात काढला, घराएवढा मोठा. “ईझी पीझी, आजी!” म्हणाली.

समोरच्या घरातला म्हातारा खिडकीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगणात तसाच एक गोल. मी म्हटलं, मुग्धा, झालं काम. खूण चालायला लागली.

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मीटिंग. मुग्धा साडी नेसली होती. मी डब्यात भाकरवडी नेली होती, वाईट बातमी असली तरी खायला काहीतरी हवं म्हणून. शुभदाबाईही आल्या होत्या.

पडद्यावर गोल आला. काळ्या रंगाचा, नुसता. मुग्धानं सगळं समजावून सांगितलं. उघडं दार, एकत्र बसणं, नव्या माणसाला जागा. मातीकामाच्या वर्गाला गोलात एक ठिपका, नाचाला दोन, चित्रांना तीन. एक घर, पण प्रत्येकाची आपली खूण. एकदाही थांबली नाही.

मग सगळे डॉक्टरांकडं बघायला लागले.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. मान एका बाजूला केली. विक्रांतनं डोळे मिटून घेतले. डोनानं माझा हात धरला, चिखलासकट.

मग मान दुसऱ्या बाजूला केली. उठून पडद्याजवळ गेले आणि बोटानं तो गोल हवेतल्या हवेत गिरवला. परत येऊन खुर्चीत बसले.

“मला कळत नाही असं का,” ते म्हणाले, “पण हा बघितल्यावर घरी आल्यासारखं वाटलं. ह्याच्यात काही कमी नाही.”

डोनाला मराठी येत नाही, पण तिनं माझ्या मांडीवरचा भाकरवडीचा डबाच खाली पाडला! सगळे टाळ्या वाजवायला लागले. मुग्धा खाली वाकून भाकरवड्या गोळा करत होती. मला माहीत आहे, ती काही भाकरवडीसाठी वाकली नव्हती.

आणि टाळ्या थांबल्यावर मागून शुभदाबाईंचा आवाज आला.

“बावन्न वर्षं झाली लग्नाला. माझ्या आमटीला एकदाही असं म्हणाले नाहीत!”

*

नोकरी पक्की झाली, त्याच्या आनंदात मुग्धानं लोगोचे गोल स्टिकर छापून आणले आणि सेंटरच्या पॉटलकला फुकट वाटले. पॉटलक म्हणजे ज्यानं त्यानं घरून एक पदार्थ करून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा.

आपल्या बायकांना एक पद्धत आहे. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, म्हणजे डबा परत मिळतो. पट्ट्या जुन्या झाल्या होत्या, नावं पुसट. आणि हे स्टिकर किती सुंदर! सगळ्यांनी पट्ट्या काढल्या आणि स्टिकर लावले.

जेवण झालं. भांडी धुतली गेली. टेबलावर तीस डबे. तिसांवर एकच खूण!

अर्धा तास सगळ्या बायका झाकणं उघडून वास घेत फिरत होत्या. “हा माझा, ह्याला हिंगाचा वास आहे!” “अहो, हिंगाचा वास सगळ्यांनाच आहे!” एक आजोबा आपल्या बायकोचा समजून दुसरीचाच डबा घेऊन घरी गेले, आणि तो त्यांच्या बायकोनं अजून परत दिलेला नाही. म्हणते, बरा आहे, झाकण घट्ट बसतं.

मी तेवढी निवांत. माझ्या डब्याच्या बुडाला मी नेलपॉलिशनं तीन ठिपके काढलेले आहेत. परटाची मुलगी आहे मी, एका खुणेवर विसंबत नाही!

*

मे महिन्यात नवी पाटी लागली. भिंत शेवटी आमसुली झाली. मतदानात शुभदाबाई जिंकल्या, कमिटीत नसताना. ते सात चौकोन पुसायला मात्र लोकांनी विरोध केला, म्हणून मागच्या भिंतीवर पुन्हा रंगवले.

समारंभाला दोनशे माणसं होती. मुग्धानं आबांच्या साठ घरांच्या खुणांचं सांगितलं आणि दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि फायर स्टेशनच्या मोठ्या दारावर आबांचा गोल, चांगला माणसाएवढा. कृष्णेच्या घाटावर सुईच्या टोकानं काढायचे ते! मी पदर डोळ्याला लावणार, तेवढ्यात डॉक्टर भागवत गर्दीतून वाट काढत आले. चेहरा लाल. हातात प्लास्टिकची पिशवी.

“सगुणाताई! सगुणाताई, हे बघा!”

पिशवीतून त्यांनी एक जुनं उपरणं काढलं. पिवळं पडलेलं, घडीवर विरलेलं.

“काल बेसमेंटमधली आईची ट्रंक उघडली. हे वडिलांचं. आणि हा कोपरा बघा!”

कोपऱ्यात काळी खूण होती. गोल. वर जाडसर, खाली निमुळता, उजव्या हाताला जरा उघडा.

डॉक्टरांनी ते उपरणं दोन्ही हातांनी वर धरलं आणि माइक घेतला. म्हणाले, हा आमच्या घराण्याचा लोगो आहे! शंभर वर्षांपूर्वीचा! म्हणूनच मला त्यात काही कमी वाटलं नाही! मराठीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. डोना रडली. विक्रांतनं व्हिडिओ काढला. मुग्धानं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा उपरण्याकडं बघितलं, मग हळूहळू मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरांनी माइक माझ्यासमोर धरला.

“ताई, ही तुमच्या वडिलांच्या हातची खूण. गावात साठ घरं. त्यांनी नेमकी हीच आमच्या घराला का दिली असेल हो?”

मी उपरणं हातात घेतलं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. डागावर डाग. मग म्हटलं, “सांगते. पण डॉक्टर, ट्रंकेत हे एकच होतं का हो?”

“तेच तर!” डॉक्टर म्हणाले. “जोडी होती ही. मी सगळी ट्रंक उपसली. आई शेवटपर्यंत सांगायची, परटाकडून एक कमी आलंय!”